बॉक्सचे पैसे टायरला घाला

पत्र: स.न.वि.वि. मी रत्नागिरीत एका सरकारी कार्यालयात कारकून आहे, वय ४७. आजवर १०० सीसीच्या गाडीवर ऑफिस आणि बाजार एवढंच केलं. यंदा गणपती झाल्यावर सांगलीच्या एका मुलाकडून २०१९ ची रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ घेतली, २६ हजार किलोमीटर चाललेली. तो शिकायला जर्मनीला चाललाय, म्हणून स्वस्तात मिळाली. त्याने फॉग लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर असं बरंच बसवलंय. ट्रान्सफरचे कागद 'सावकाश पाठवतो' म्हणालाय. गाडी सुरेख आहे, पण सरळ रस्त्यावर हँडल मधोमध किंचित अडकल्यासारखं वाटतं. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, सवय होईल. माझी उंची पाच फूट चार इंच. गेल्या आठवड्यात घरासमोर वळवताना गाडी आडवी झाली, एकट्याला उचलेना. दिवाळीत पत्नीला घेऊन हंपीला जायचं मनात आहे आणि पुढच्या जूनमध्ये लडाख. हातात चाळीस हजार शिल्लक आहेत. ॲल्युमिनियमचे बॉक्स, त्यांचं स्टँड आणि क्रॅश गार्ड घेऊ का, की आधी जॅकेट? – जुन्या गाडीचा नवा मालक, रत्नागिरी

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना गालातल्या गालात हसत होतो, कारण सत्तेचाळिसाव्या वर्षी शंभर सीसीवरून थेट हिमालयनवर टांग मारणारा माणूस मला आवडतो. दुसऱ्यांदा वाचताना 'सावकाश पाठवतो'पाशी अडकलो. बॉक्स, जॅकेट, हंपी, सगळं क्षणभर बाजूला ठेवा. एक दिवस रजा टाका आणि सांगली गाठा. रविवारी नको, आरटीओ उघडं असेल अशा दिवशी.

तो मुलगा लबाड आहे असं मी म्हणत नाही. परदेशी निघालेली पोरं व्हिसा आणि बॅगा यांच्यात इतकी बुडालेली असतात की बाकी सगळंच सावकाश होतं. पण आजघडीला आरसीवर (नोंदणीपत्रावर) त्याचं नाव आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी गाडी त्याची आणि तुम्ही नुसते चालवणारे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. त्यांच्यावर त्याच्या सह्या हव्यात, आणि ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी जातो तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. त्याने म्युनिकला उतरून इथलं सिमकार्ड बंद केलं, की तुम्ही बसा ओटीपीची वाट बघत. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि बोजा उतरलेला नसेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्रही त्याच फेरीत घ्या. थकलेली ई-चलनं त्याच्यासमोर बसून मोबाइलवर बघा, आणि असली तर त्यालाच भरायला लावा. तुम्ही सरकारी कार्यालयातले. कागद मागे राहिला की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

तो टाळाटाळ करायला लागला तर एकच गोष्ट सांगा. नोंदणीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. उद्या तुमच्या हातून कुणाला धक्का लागला, तर नोटीस त्याच्या आईवडिलांच्या दारात जाईल. एवढं ऐकलं की तो स्वतः तुम्हाला मागे बसवून आरटीओत नेईल.

विम्याचंही तेच. गाडी विकली गेल्यावर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या मोडतोडीचा आपोआप येत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून तो नावावर करून घ्यायचा. गणपती होऊन गेलेत, तेव्हा बहुधा तुमचे ते दिवस सरलेच असतील. तरी आजच फोन करा, कंपनी गाडी तपासून घेऊ म्हणाली तर तपासू द्या. आणि त्या मुलाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. थोडा फरक भरावा लागेल, भरा.

सांगलीला गेलातच तर आणखी चार गोष्टी मागून घ्या: दुसरी किल्ली, गाडीबरोबर आलेली हत्यारांची पिशवी, सर्व्हिसिंगची बिलं आणि त्याने काढून ठेवलेलं सगळं मूळ सामान. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर माळ्यावर असेलच. तो आत्ता आणला नाही, तर एक दिवस त्याची आई तो भंगारात घालेल.

आणि एक प्रश्न, जरा अवघड, पण विचारा. गाडी ऑगस्ट २०१९ मध्ये कुठे होती? आणि जुलै २०२१ मध्ये? तुम्ही रत्नागिरीचे, चिपळूणला काय झालं ते तुम्ही पाहिलंय. सांगलीत दोन्ही वर्षी कृष्णा घरात शिरली होती. २०१९ ची गाडी, सांगलीची, आणि स्वस्तात मिळालेली. माझ्या डोक्यात पहिली शंका हीच आली. त्याला वाईट वाटेल असं विचारू नका, सहज विचारा, 'पुरात तुमच्याकडे पाणी आलं होतं का हो?' उत्तर काहीही येऊ दे, घरी येऊन स्वतः बघा.

कसं बघायचं, तर असं. सीट काढा. खाली वायरींचे सॉकेट दिसतील. एक-दोन अलगद सोडवा आणि आतल्या पिना बॅटरीच्या उजेडात बघा. पिवळ्या चकचकीत असतील तर ठीक. हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असेल तर तिथे पाणी उभं राहिलेलं आहे. पुढे हेडलाइटच्या काचेच्या आत, अगदी तळाशी, वाळलेल्या गाळाची बारीक रेघ आहे का बघा. चहाच्या कपात चहा वाळला की तळाशी कडं उमटतं ना, तशी. लोक गाडी बाहेरून घासून-पुसून चकाचक करतात, हेडलाइटच्या आत कुणी फडकं घालत नाही. एअर फिल्टरच्या डब्याचे कोपरे बोटाने चाचपा. कोकणातली माती लाल असते, कृष्णाकाठची काळी. तुमच्या बोटाला काळा गाळ लागला, तर तो रत्नागिरीचा नाही हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही.

समजा निघालीच पुरातली. लगेच डोक्याला हात लावू नका. एवढी वर्षं चालतीय म्हणजे इंजिन तेव्हाच उघडून नीट केलेलं असणार. मात्र तसं असेल तर वायरिंग आणि चाकांची बेअरिंगं यांना आपण आधी हात घालायचा, दिवाळीनंतर नव्हे.

आता हँडल. 'सवय होईल' म्हणणाऱ्या तुमच्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा आणि या कामासाठी दुसऱ्याकडे जा. ते हँडल अडकत नाहीये, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) गेलाय, म्हणजे निदान लक्षणं तरी तीच आहेत. तपासणी पाच मिनिटांची आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या. वहिनींना किंवा मुलाला मागे सीटवर दाब द्यायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. आता हँडलला एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. चांगला कोनसेट लोण्यातून सुरी जावी तसा फिरतो. गेलेल्यात चाक बरोबर मधोमध आलं की बोटाला एक 'टक' लागतं आणि चाक तिथे बसू बघतं. आतल्या गोळ्यांनी वाटीत खळगे पाडलेले असतात, आणि गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्यामुळे खळगे बरोबर मध्ये पडतात. दुसरी परीक्षा: चाकासमोर बसून दोन्ही फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) खालून धरा आणि पुढे-मागे ओढा. टोक-टोक आवाज आला किंवा हाताला ढिलं लागलं, तर खेळ आलाय.

याची सवय होते, हे खरंय. वाईट गोष्ट तीच. गाडी सरळ रस्त्यावर सतत बारीकसारीक दुरुस्त्या करत तोल सांभाळत असते, आणि कोनसेट तिला त्या करू देत नाही. मग ऐंशीच्या वेगात पुढचं टोक उगाच डोलतं, आणि आपण म्हणतो वारा असेल. मागे पत्नी आणि दोन बॉक्स असताना ते डोलणं वाढतं. नुसता आवळून भागवू नका, कारण आवळल्याने खळगे बुजत नाहीत, उलट 'टक' जास्त लागतं. सेट बदला. टेपर रोलरचा (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेला) मिळाला तर तोच घाला, गोळ्यांच्यापेक्षा जास्त टिकतो. जुन्या वाट्या ठोकून काढणं हे कसबाचं काम आहे. ज्याच्याकडे त्याचं हत्यार आहे त्यालाच द्या. छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला दिसला तर चहा पिऊन परत या.

पुढचं चाक अधांतरी आहेच, तर टायर वर-खाली धरून हलवून बघा. खडखड लागली तर बेअरिंग. चाक फिरवून आऱ्यांवर पान्याने हलकेच वाजवत जा. सगळ्यांचा नाद साधारण एक यायला हवा, ढिला आरा भद्द वाजतो.

टायरविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या चाळीस हजारांतला मोठा तुकडा इथे जाणार आहे आणि तुम्हाला तो जीवावर येणार आहे. टायरच्या कुशीवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. १११९ असेल तर २०१९ सालचा अकरावा आठवडा. मागचा टायर २६ हजारांत एकदा तरी बदललेला असणार, पुढचा मात्र बहुधा गाडीबरोबर आलेलाच असेल, आणि नक्षी शाबूत बघून तुम्ही म्हणाल, चांगला तर आहे. नख रोवून बघा. ताज्या रबरात नख रुततं, जुन्यावरून घसरतं. सहा वर्षं उन्हात उभं राहिलेलं रबर कोरड्या डांबरावर काही दाखवत नाही. ते दाखवतं आंबा घाटात पहिल्या पावसाला, उतारावर, वळणावर, पानांचा चिखल असतो तिथे. दोन्ही बदला, आणि ट्यूबही नव्या घाला. तुमच्या गाडीला आऱ्यांची चाकं आहेत, म्हणजे ट्यूबवालेच टायर; जुन्या ट्यूबला नवा टायर हे काटकसरीचं नव्हे, पंक्चरचं लक्षण.

यातली एक गोम हंपीच्या वाटेवर उपयोगी पडेल. तुमचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १७ इंची. १७ ची ट्यूब कुठेतरी मिळते, २१ ची गदग-कोप्पळच्या मधल्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही. जवळ एकच ट्यूब ठेवायची असेल तर २१ ची ठेवा. अडीअडचणीला ती मागच्या चाकात घालून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. उलटं जमत नाही. आणि जाण्याआधी घरच्या अंगणात एकदा दोन्ही चाकं स्वतः काढून बसवा. अर्धा दिवस जाईल, हात काळे होतील, शेजारी विचारतील काय झालं. पण त्याच दिवशी तुम्हाला कळेल की हत्यारांच्या पिशवीत एक्सलचा पानाच नाही.

फॉग लाइटचं ऐका. फार वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली होती, तिला मागच्या मालकाने असेच दोन झगझगीत दिवे लावले होते. गगनबावड्याहून करूळ घाट रात्री उतरत होतो, धुकं होतं, दिवे लावले, वा काय उजेड म्हणालो, आणि तिसऱ्या वळणावर सगळं गेलं. फॉग गेले, हेडलाइट गेला, मागचा दिवा गेला. बाजूला उभा राहिलो तर टाकीखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास. दहा मिनिटांनी वैभववाडीकडे जाणारी एसटी आली, तिच्या मागच्या लाल दिव्याच्या भरवशावर घाट उतरलो. आजही एसटी दिसली की मी आधी तिच्या मागच्या दिव्याकडे बघतो. दुसऱ्या दिवशी टाकी काढली तर दिव्यांची तार थेट हेडलाइटच्या तारेला पिळून जोडलेली, वर चिकटपट्टी, मध्ये ना रिले (जास्त विजेचा भार पेलणारा स्विच) ना फ्यूज. चिकटपट्टीचं वितळून गुळासारखं झालेलं.

म्हणून तुमच्या गाडीवर त्या मुलाने जे जे बसवलंय ते आधी सगळं सोडवा. फॉग, हॉर्न, चार्जर, सगळं. गाडी मूळ स्थितीत महिनाभर चालवा. मग वाटलं तर चार्जर परत बसवा, बॅटरीपासून वेगळी तार, बॅटरीजवळ फ्यूज आणि रिले घालून. मोठा हॉर्न परत बसवू नका. का, ते तुमच्या गल्लीला विचारा.

ब्रेकचं एकच सांगतो. किल्ली फिरवली की एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. चालताना विझला नाही तर बिघाड, हे सगळ्यांना कळतं. पण किल्ली फिरवल्यावर मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी दिवाच बंद करून ठेवला असावा, म्हणजे बहुधा आधीपासून बिघाड होता. हे फार कमी लोक बघतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमच्या दमट हवेत तर नक्कीच. कधी बदललं याचं बिल नसेल तर बदललेलं नाही असं धरा. हाच नियम इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि फोर्क ऑइलला लावा. तो मुलगा म्हणाला असेल 'आत्ताच सर्व्हिसिंग केलंय'. गाडी विकणाऱ्या प्रत्येकाने आत्ताच सर्व्हिसिंग केलेलं असतं. बिल असेल तर मानायचं, नसेल तर पुन्हा करायचं. टॅपेटही (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट) एकदा थंड इंजिनावर बघून घ्या. या इंजिनाला ते स्क्रूने लावता येतात, फार खर्चाचं काम नाही.

चेन मागच्या चकलीच्या (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) अगदी मागच्या टोकाला चिमटीत धरून ओढा. दाताचा निम्म्याहून जास्त भाग उघडा पडला तर चेन ताणलीय. दात कोयत्यासारखे एका बाजूला वळले असतील तर चेन आणि दोन्ही चकल्या एकत्रच बदला. नुसती चेन नवी घातली की जुन्या चकल्या तिला तीन महिन्यांत खातात. साफ करायला पेट्रोल वापरू नका, आतले रबराचे ओरिंग जातात. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं फिरवा आणि वर नव्वद नंबरचं ऑइल ब्रशने. समुद्राच्या हवेत पंधरवड्याला, पावसात भिजून आलात तर त्याच संध्याकाळी.

आता तुम्ही ज्याची लाज वाटून एका ओळीत उरकलंत ते. गाडी आडवी झाली. सगळ्यांची होते. ती पेट्रोलसकट दोनशे किलोच्या जवळ जाते आणि सीट ८०० मिलिमीटर उंच आहे. पाच फूट चार इंचाच्या माणसाचे दोन्ही तळवे टेकत नाहीत, म्हणून तो दोन्ही चवडे टेकवतो, आणि रस्ता जरा उतरता असला की कोणतंच पाऊल धड टेकत नाही. दोन्ही टेकवायचा नाद सोडा. उजवा पाय ब्रेकवर ठेवा, ढुंगण सीटवर जरा डावीकडे सरकवा आणि डावा तळवा पूर्ण टेकवा. थांबण्याआधी जमीन बघा, खड्डा डावीकडे येणार नाही असे थांबा. आणि अगदी हळू वळवताना पुढचा ब्रेक दाबू नका. तुमची गाडी पडली ती तिथेच पडली असणार, हँडल वळलेलं आणि बोटं सवयीने ब्रेकवर. सीट कापणं, गाडी खाली बसवणं हे उद्योग इतक्यात करू नका, सहा महिन्यांनी गरज वाटेनाशी होते.

उचलायचं तंत्र वेगळं आहे. आपण समोरून वाकून हँडल ओढतो, त्यात कंबर जाते. असं करा: किल्ली बंद. गाडी गिअरमध्ये टाका म्हणजे सरकणार नाही. उजवीकडे पडली असेल तर डावीकडचं साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. मग गाडीकडे पाठ करा, सीटच्या कडेला ढुंगण टेकवून खाली बसा. एका हाताने हँडलचं जवळचं टोक, दुसऱ्याने मागची पकड. आता हाताने उचलायचं नाही, टाचा रोवून मागे रेटत चालायचं, इंच-इंच पावलं. भिंतीला पाठ लावून कपाट सरकवतो ना, तसं. गाडी वर येते. डावीकडे पडली असेल तर शेवटी सावध, उभी झाली की जोराने दुसऱ्या बाजूला जाते. तिथे स्टँड नसतो. एखाद्या मैदानात गवतावर जुनी गादी टाकून दोनदा सराव करा. हे मी एका पन्नाशीच्या बाईंकडून शिकलो, वजन माझ्याहून पंधरा किलोने कमी. मी मदतीला धावलो तोवर त्यांची गाडी उभी होती.

क्रॅश गार्डला म्हणूनच माझा होकार आहे. पडणार आहातच, तर इंजिनाऐवजी गार्डवर पडा. बॉक्सला मात्र आत्ता नाही. ॲल्युमिनियमचे दोन रिकामे बॉक्स आणि त्यांचं स्टँड म्हणजेच पंधरा-वीस किलो, तेही मागे आणि बाहेर काढलेलं. तुम्ही अजून मोकळी गाडी वळवताना पाडताय. नाकापेक्षा मोती जड होईल. शिवाय त्या स्टँडसाठी बरेच जण साडी गार्ड काढून टाकतात, आणि तुमच्यामागे वहिनी बसणार आहेत. ओढणी किंवा पदर चेनमध्ये जायला निमिष पुरतं. साडी गार्ड काढायचं नाही, आणि त्यांना लांबच्या प्रवासाला पँट-जॅकेटची सवय करा. हंपीच्या तीन दिवसांना सीटवर आडवी बांधायची कापडी बॅग पुरते. आत सामान प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घाला, वॉटरप्रूफ असं लिहिलेल्या बॅगेवर विश्वास ठेवू नका.

मग चाळीस हजार असे: ट्रान्सफर आणि विमा, कोनसेट, टायर-ट्यूब, सगळी तेलं आणि फिल्टर, लागली तर चेन आणि चकल्या. उरलेल्यात दोघांची हेल्मेट, आणि हातमोजे. हेल्मेट तुमचं चांगलं आणि त्यांचं साधं असं करू नका, हे मी नेहमी बघतो आणि मला राग येतो. जॅकेट उरलं तर, नाहीतर पुढच्या पगाराला. क्रॅश गार्ड त्यानंतर. बॉक्स पुढच्या वर्षी, आणि तेव्हा तुम्हाला ते बहुधा नकोसे वाटतील.

हंपीला जा, पण त्याआधी तीन फेऱ्या करा. पहिली एकट्याने, आंबा घाट चढून उतरून. उतरताना ब्रेकवर टांगलेले राहू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी धरू द्या. दुसरी वहिनींना घेऊन आरे-वारेवरून गणपतीपुळे, मालगुंडला केशवसुतांच्या घरापाशी बसून निवांत विचारा, पाठ दुखतेय का, पाय कुठे टेकतात, आपण ब्रेक मारला की हेल्मेट माझ्या हेल्मेटला आपटतं का. ही उत्तरं तुमच्या मापापेक्षा महत्त्वाची आहेत. मागच्या शॉकअपचं स्प्रिंग दोघांच्या वजनाला आवळून घ्या, गाडीबरोबरच्या पान्याने होतं, आणि टायरची हवाही दोघांसाठी जेवढी मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी, थंड टायरमध्ये. तिसरी मुक्कामाची: जयगडहून जेटीने, म्हणजे फेरीबोटीने, तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. जेटीच्या लोखंडी पत्र्यावर पाणी असतं. पहिल्या गिअरमध्ये सरळ जा, पत्र्यावर पुढचा ब्रेक नाही, उभी केल्यावर गिअरमध्ये ठेवा आणि बोट हलतेय तोवर गाडीपाशीच थांबा. फोटो वहिनी काढतील.

हे जमलं की कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग, होस्पेट. एका दिवसात हाणू नका, बेळगावला मुक्काम करा. ही गाडी लिटरला तीसच्या आसपास देते, टाकी पंधरा लिटरची, पेट्रोलची चिंता नाही. इंजिन चोवीस अश्वशक्तीचं आहे, त्याला दोघांना घेऊन शंभरला पळवण्यात मजा नाही, ते ऐंशीला गुणगुणतं. दिवस मावळायच्या आत खोलीवर. हायवेवर ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो, आणि त्या भागात उसाचा हंगाम सुरू झालेला असतो.

जूनच्या लडाखचं नंतर बघू. होळीच्या सुमारास गाडीवर सात-आठ हजार किलोमीटर तुमच्या हातून झाले असतील तर मला पुन्हा लिहा, तेव्हा बोलू. आत्ता त्यावर एक ओळही लिहिणार नाही, कारण लिहिली तर तुम्ही तेवढीच वाचाल.

सांगलीहून आलात की दोन फोटो पाठवा: हेडलाइटच्या आतल्या तळाचा, आणि टाकीखाली फॉग लाइटची तार जिथे जोडलीय तिथला. चिकटपट्टी काढून.